खाट क्रमांक ११४३, आणि आणखी एक

एका खाटेसाठी माणसाने किती इंग्रजी खर्चावं याला काही मर्यादा असते, असं रमाबाईंचं मत होतं. शामसुंदररावांचं मत वेगळं होतं. ते कारखान्याच्या स्टोअर्समध्ये क्लार्क होते. पहिली भट्टी पेटून तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं, आणि भिलाईत लोखंडाच्या खालोखाल कशाचं उत्पादन होत असेल तर ते अर्जांचं. नळ गळतो, अर्ज करा. दाराची कडी बसत नाही, अर्ज करा. अर्ज इंग्रजीत, तीन प्रतींत. त्यांच्या सडकेवर बारा क्वार्टरं होती आणि बाराही घरांचे अर्ज शामसुंदररावांच्या टाकातून उतरत. समोरच्या सिंधुताईंच्या कडीबद्दल त्यांनी असं काही लिहिलं होतं, की सुतार दुसऱ्याच दिवशी आला आणि कोणाचं काय चोरीला गेलं, म्हणून विचारू लागला.

अशा माणसाला स्वतःसाठी अर्ज करण्याची वेळ येते तेव्हा सगळी सडक बघत असते.

वेळ आली ती तुमसरहून आलेल्या पत्रामुळे. रमाबाईंना सहावा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. रमाबाईंचे वडील बाबाराव, निवृत्त हेडमास्तर, यांनी चार ओळींत लिहिलं होतं: "जावईबापूंच्या घरी खाट एकच असल्याचे कळते. बाळंतीण आणि बाळ तीवर निजल्यास जावईबापू कोठे निजणार, आणि जावईबापू निजल्यास बाळंतीण कोठे? शुक्रवारी बावीस एप्रिलला येत आहे. व्यवस्था पाहीन. नसल्यास रमेस घेऊन जाईन."

"व्यवस्था नसणारच असं गृहीत धरलं आहे," शामसुंदरराव म्हणाले.

रमाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "मले नाही जायचं."

"पण रीत..."

"आई होती तेव्हा रीत होती. आता तिथं वहिनींचं राज्य. चहासुद्धा विचारून घ्यावा लागते. मी तिथं पाहुणी होईन हो. बाळंतपणात मले पाहुणी नाही व्हायचं." मग त्यांनी एक खडा उचलून लांब फेकला. "इथं दवाखाना आहे, बाईडॉक्टर आहे, आणि घर माझं आहे. तुम्ही फक्त एक खाट आणा."

फक्त एक खाट. नियमात तरतूद होतीच. त्यांच्या ग्रेडला क्वार्टरामागे एक खाट, आणि कुटुंब वाढण्याच्या बेतात असल्यास आणखी एक. अर्ज करायचा, बस.

शेजारचा फकिरा कोक ओव्हनवर, कोळशाच्या भट्टीवर, होता. मूळचा गोंदियाकडचा शेतकरी. तो कुंपणावर हात टेकून म्हणाला, "बाबूजी, पावर हाऊसच्या बाजारात सुताराकडं खाटा उभ्या हायेत. एक घेऊन या ना जी. कावून कागद काळे करून राहिले?"

"फकिरा, प्रश्न खाटेचा नाही."

"मंग कायचा हाय?"

"तत्त्वाचा. हक्काची खाट सोडून विकतची आणायची?"

"तत्त्वावर मास्तर झोपतीन का?" फकिराने विचारलं. "बरं, आमची घेऊन जा."

"उसनी खाट?" शामसुंदरराव म्हणाले. ज्या आवाजात ते हे म्हणाले, त्या आवाजात माणूस उसन्या दातांबद्दल बोलतो.

पहिल्या अर्जात त्यांनी एक एक्स्ट्रा खाट मागितली. तीन दिवसांनी अर्ज परत आला. फर्निचरच्या ऑफिसातल्या कोणा बाबूने लाल शाईत लिहिलं होतं की भांडारात एक्स्ट्रा खाट एकही नाही. ज्या आहेत त्या सर्व नियमित आहेत.

आता इथे इंग्रजांबद्दल थोडं बोलणं भाग आहे. आपल्याकडे आणखी म्हटलं की भागतं. भात आणखी, पाहुणे आणखी, त्रास आणखी. पलीकडच्या खेड्यातून डोक्यावर पाटी घेऊन भाजी विकायला येणारी मथुरा "अउ ले ले बाई" म्हणते आणि भेंडी काय, भोपळा काय, सगळं त्या एका 'अउ'मध्ये बसतं. पण इंग्रज माणसाने प्रत्येक गोष्टीसमोर उभा करायला वेगळा चपराशी ठेवला आहे. चहा हवा तर अनदर कप. त्यात दूध हवं तर एक्स्ट्रा. हुकूम यायचे असतील तर फर्दर. किल्ली असेल तर स्पेअर. कलेक्टर असेल तर अॅडिशनल. चपराशी चुकला की साहेब आत घेत नाही. शामसुंदररावांना हे सगळं वाचून ठाऊक होतं, आणि वाचून ठाऊक असलेला माणूस न वाचलेल्यापेक्षा जास्त अडचणीत येतो, कारण त्याला निवडावं लागतं.

संध्याकाळी ओट्यावर सभा भरली.

"अनदर लिहा, भाऊजी," सिंधुताई म्हणाल्या. त्यांचे यजमान ड्रॉइंग ऑफिसात होते, त्यामुळे त्यांच्या शब्दाला एक प्रकारची सरळ रेघ असे. "एक्स्ट्रा म्हटलं की वाटते, बुवा, गरजेपेक्षा जादाच मागून राहिले. अनदर कसं सोज्वळ वाटते."

"आमचा रशियन साहेब बरा," फकिरा म्हणाला. "तो बोट वर करते अन् म्हणते, 'येश्चो', म्हंजे आनखी. मंग आम्ही आणतो. थांब म्हणत नाही तोवर आणतच राह्यतो. सारी भट्टी येश्चोवर उभी झाली, बाबूजी. तुमी येश्चो लिहून पाहा."

"अर्जात रशियन?"

"लवकर मिळन. त्याईले नाही म्हणाची हिंमत नाही कोणाची."

शामसुंदररावांनी अनदर लिहिलं. अर्ज परत आला. लाल शाई: पहिली खाट परत करण्याचे कारण नमूद नाही, ती मोडली, हरवली की जळाली?

त्या दिवशी ते जेवले नाहीत. म्हणजे जेवले, पण लोणचं घेतलं नाही. आपलं इंग्रजी परत आलं, तेही फर्निचरवाल्यांकडून, ही गोष्ट सडकेवर कळली होती. फकिराची बायको गयाबाई आपला रेशनचा अर्ज घेऊन येणार होती, ती नळापर्यंत येऊन परत गेली. रमाबाईंनी ते पाहिलं. त्यांनी टाक धुऊन आणून ठेवला.

तिसऱ्या अर्जात अॅडिशनल होता. फर्दर, सेकंड, वन मोर असे सगळे उमेदवार एका कागदावर लिहून, एकेक खोडून, शेवटी उरलेला. कलेक्टरला चालतो तो खाटेला चालेल, असा विचार. आणि चालला. अर्ज परत आला नाही. त्याऐवजी बुधवारी दुपारी चिठ्ठी आली: अॅडिशनल खाटेची मागणी विचाराधीन. तत्पूर्वी मूळ खाट क्वार्टरात असून वापरात असल्याची प्रत्यक्ष पडताळणी गुरुवारी सकाळी अकरा वाजता होईल.

"पाहिलंस?" शामसुंदरराव म्हणाले. "शब्द योग्य असला की दार उघडतं."

गुरुवारी सकाळी आठ वाजता रमाबाई खाटेखाली झाडत होत्या. झाडता झाडता थांबल्या.

"अहो, आपल्या खाटेचा नंबर काय?"

"अकराशे त्रेचाळीस. इन्व्हेंटरीत आहे."

"हिच्या पायावर अकराशे सत्तावीस आहे."

इथे सडकेची एक रीत सांगायला हवी. लोखंडाच्या गावात खाटा मात्र लाकडी, वर नवार, आणि डोक्याकडच्या पायावर पांढऱ्या रंगात ऑफिसने घातलेला नंबर. पण या खाटा त्या सडकेवर राहत नसत, फिरत असत. कोणाकडे पाहुणे आले की कोणी बोलवायच्या आधी चार घरांतून चार खाटा निघत. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, असला की सहा. पाहुणे गेले की खाटा परत जात. आपापल्या घरी जात असं नाही, ज्या घरी खाट नाही तिथे एक जाई. खाट ती खाट. नंबर बघायला ती काही टपाल नव्हती. दोन वर्षांत कोणी बघितला नव्हता. ज्यांनी बघायला हवा होता ते शामसुंदरराव त्या काळात दुसऱ्यांचे अर्ज लिहीत होते.

साडेआठ वाजता बाराही घरांत लोक वाकून खाटांचे पाय बघत होते. निकाल असा: अकराशे सत्तावीस ही सिंधुताईंची. सिंधुताईंकडे कोपऱ्यावरच्या घराची. शामसुंदररावांची खरी खाट सापडली फकिराकडे, आणि तिच्यावर गयाबाईने सांडग्यांसारखे डाळीचे वडे वाळत घातले होते.

"राहू द्या ना जी," गयाबाई म्हणाली. "वड्यायखाली नंबर कोन पाह्यते?"

"तो इन्स्पेक्टर पाहतो," शामसुंदरराव म्हणाले. "आणि एकाचा नंबर चुकला की सगळ्यांचे काढतो. मी स्टोअर्समधला माणूस आहे, मला ठाऊक आहे."

त्यांनी यादी केली. कोणती खाट कुठून कुठे, कोणत्या क्रमाने. अकराच्या आत सगळ्या खाटा आपापल्या नंबराच्या घरी. यादी उत्तम होती. तीत एकच उणीव होती की बारा घरांनी ती एकाच वेळी अमलात आणायला घेतली.

कोणी खाट घेऊन निघालं तो समोरून खाट येई, आणि क्वार्टरांना मेंदीची कुंपणं, मधली वाट एका खाटेपुरती. मग एक खाट खांद्यावर घ्यायची, म्हणजे दुसरी खालून जाईल. सिंधुताईंनी सगळ्यांना बजावलं होतं, "तोंडातून शब्द काढू नका, ऑफिसवाले कोठी असतीन सांगता येत नाही." त्यामुळे हे सगळं अगदी मुकाट्याने चाललं होतं.

आता बाबाराव. मास्तरांनी शुक्रवार लिहिला होता. पण चाळीस वर्षं परीक्षा घेतलेला माणूस सांगून थोडाच येतो? ते गुरुवारी सकाळच्या पॅसेंजरने दुर्गला उतरले, बसने आले, आणि सडकेच्या तोंडाशी त्यांना एक सायकलवाला भेटला. त्याच्या हँडलला रजिस्टर, पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश. हा बळीराम, खाटांचा इन्स्पेक्टर. पूर्वी नंदिनीच्या चुनखडीच्या खाणीवर होता, आता टाऊनशिपमध्ये. मास्तरांनी त्याला क्वार्टर विचारलं, तो म्हणाला, मीही तिथंच निघालो, चला. तोही वीस मिनिटं आधीच आला होता. सकाळी लवकर येण्याचा हा रोग त्या दिवशी दोघांनाच झाला होता.

दोघं वळणावर आले आणि थांबले.

शामसुंदररावांच्या फाटकातून चौघं जण खांद्यावर खाट घेऊन बाहेर पडत होते. खाटेवर पांढरी धुतलेली चादर, कारण रमाबाईंनी ती काढायच्या आतच खाट उचलली गेली होती. कोणी बोलत नव्हतं. पुढे उघड्या डोक्याने शामसुंदरराव, हातात कागद, चेहरा पडलेला. मागे गयाबाई, उन्हासाठी पदर तोंडावर ओढलेला.

बळीराम सायकलवरून उतरला. त्याने टोपी काढली, हात जोडले, आणि खाट जवळ येताच पुढच्या खांदेकऱ्याला, म्हणजे फकिराला, हळू आवाजात विचारलं, "कोन गेलं जी?"

फकिराचं लक्ष यादीत होतं. "अकराशे सत्तावीस," तो म्हणाला.

पण मास्तर ते ऐकायला थांबले नव्हते. छत्री एकीकडे, पिशवी दुसरीकडे, सहासष्ट वर्षांचे बाबाराव धोतराचा सोगा धरून त्या मेंदीच्या वाटेने पळत सुटले होते. "रमे! रमे!" त्या हाकेने सगळ्या सडकेवरच्या खाटा जागच्या जागी थांबल्या.

रमाबाई दारात आल्या. हातात खाटांवर खुणा करायचा खडू, कपाळावर खडूची रेघ. "अय्या, बाबा! तुमी उद्या येणार होते ना?"

मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं. डोक्यापासून पायापर्यंत, जसं ते निकालपत्र पाहत. वाटेत एक खाट टेकवलेली होती, फकिराकडून निघालेली, वड्यांचा थोडा पिवळा डाग असलेली. ते तिच्यावर बसले. छातीवर हात ठेवून तसेच बसून राहिले. रमाबाईंनी पाणी आणलं. त्यातलं अर्धं ते प्याले, अर्धं सांडलं.

"मामाजी, आत चला," शामसुंदरराव म्हणाले.

"नाही. आता मला कोणी हलवायचं नाही."

तेवढ्यात बळीरामला उजाडलं होतं. त्याने टोपी घातली. टोपी घातल्यावर तो इन्स्पेक्टर झाला. रजिस्टर उघडून, वाकून, त्याने मास्तरांच्या धोतराआडचा खाटेचा पाय पाहिला. "अकराशे त्रेचाळीस. शामसुंदर बाबू, तुमची खाट रस्त्यावर हाय जी."

"आत्ता आत जाईल."

"रस्त्यावरची खाट मले भरता येत नाही. क्वार्टरात पायजे, अन् वापरात पायजे. रूल हाय."

"मास्तर, जरा उठता का?" सिंधुताईंनी विचारून पाहिलं.

"मी उठणार नाही," मास्तर म्हणाले. त्यांच्या आवाजातला कंप अजून गेला नव्हता, म्हणून तो आवाज त्यांनी मोठा केला. "माझे पाय चालत नाहीत. काय लिहायचं ते लिही, बाबा."

फकिराने एकदा शामसुंदररावांकडे पाहिलं, एकदा त्यांच्या मनगटावरच्या घड्याळाकडे. मग खांद्यावरची खाट उतरवून म्हणाला, "चला रे, येश्चो."

चौघांनी अकराशे त्रेचाळीस मास्तरांसकट उचलली. मेंदीच्या वरून, फाटकातून, ओट्यावरून आत. मास्तर दोन्ही हातांनी खाटेच्या कडा धरून ताठ बसले होते. एवढ्या वर्षांत शाळेच्या निरोपसमारंभातसुद्धा त्यांना कोणी खांद्यावर घेतलं नव्हतं. गयाबाईला हसू आवरेना, तिने पदर तोंडात घातला. तिला पाहून सिंधुताई हसल्या, मग रमाबाई पोटाला हात लावून दाराला टेकून हसल्या. आणि खाट टेकल्यावर, नाकावर घसरलेला चश्मा सावरत, मास्तरही.

बळीरामने लिहिलं: खाट ११४३, क्वार्टरात, वापरात. जरा विचार करून त्याने पुढे जोडलं: पूर्ण वापरात.

दुपारी मास्तरांनी अर्जाच्या प्रती मागवल्या. तिन्ही वाचल्या. "एक्स्ट्रा यांनी का नाकारलं? भंडाऱ्याला आमच्या काळी ई.ए.सी. साहेब होते. एक्स्ट्रा असिस्टंट कमिशनर. एक्स्ट्रा असून घोड्यावर बसत. आम्ही सगळे नियमित, पण पायी."

"साहेबाला चालतो तो शब्द खाटेला चालत नाही, मामाजी. अनुभव आहे."

"आणि कलेक्टरला चालतो तो चालला?"

"तो चालला, म्हणून तर ही वेळ आली."

मास्तरांनी कागद घडी करून ठेवले. मग दाराकडे पाहिलं. सडकेवर बातमी पसरली होती की शामसुंदर बाबूंकडे पाहुणे आले. फकिरा आणि त्याचा भाऊ एक खाट घेऊन येत होते. सिंधुताईंची अंगणात आधीच लागली होती. कोपऱ्यावरच्या घराची ओट्याला उभी केलेली. सकाळी ज्या खाटा जीव तोडून घरोघर पोचवल्या होत्या, त्या दुपारीच परत निघाल्या होत्या. शामसुंदररावांनी यादीकडे पाहिलं आणि ती चुलीकडे नेऊन ठेवली.

"या कोणी सांगितल्या?" मास्तरांनी विचारलं.

"कोणी नाही. येतात."

मास्तर बराच वेळ मोजत राहिले. पाच झाल्या. मग जावयाच्या जवळ सरकून, रमाबाईंना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "मागल्या हिवाळ्यात मी घरी आणखी एक घोंगडी मागितली. घर माझं, घोंगडी माझी. तिसऱ्या दिवशी मिळाली. सूनबाई वाईट नाही हो, विसरते. पण मला पुन्हा मागवलं नाही." त्यांनी चश्मा काढून पुसला. "रमा इथंच राहू दे. मी तुमसरला सांगेन, दवाखाना चांगला आहे."

"आणि रीत?"

"आज तुमच्या सडकेनं मला जिवंतपणी खांद्यावर घेतलं, जावईबापू. रीत आम्हाला शिकवू नका."

ते एका दिवसासाठी आले होते. आठ दिवस राहिले, आणि रोज वेगळ्या खाटेवर निजले.

अॅडिशनल खाट मंजूर झाली ती ऑगस्टमध्ये. बळीराम स्वतः हातगाडीवर घेऊन आला. नंबर ११४३ अ. रंग ओला होता, तो वाळायच्या आत सिंधुताईंचे दीर जबलपूरहून आले आणि खाट समोरच्या घरी गेली. शामसुंदररावांनी ती जाताना पाहिली. नंबर लिहून ठेवला नाही.

गरज तशीही नव्हती. अकराशे त्रेचाळीस त्या वेळी खोलीच्या मधोमध उलटी ठेवलेली होती, चार पाय वर. चार पायांना रमाबाईंची जुनी मऊ साडी बांधलेली, आणि साडीच्या झोळीत महिन्याभराची मुलगी झोपलेली. गयाबाई येता-जाता झोळीला हलका झोका देऊन जाई.

मुलीच्या नावनोंदणीचा फॉर्म आला. छापील. कुटुंबप्रमुख, पत्नी, आणि त्याखाली एका रकान्यावर छापलेलं: अॅडिशनल मेंबर. शामसुंदररावांनी टाक घेतला. सडकेवर सर्वांना ठाऊक होतं की हा शब्द त्यांनी तीन आठवडे घासून, पारखून, लाल शाईतून वाचवून आणला होता. कोण्या माणसाने एखाद्या शब्दासाठी एवढं केलं नसेल. त्यांनी झोळीकडे पाहिलं. मग तो शब्द एका रेघेने खोडला, आणि नुसतं मेंबर ठेवून समोर मुलीचं नाव लिहिलं.

"कावून खोडला, बाबूजी?" फकिराने कुंपणावरून विचारलं. "चांगला होता शब्द. पास झालेला."

"खाटेला चांगला होता," शामसुंदरराव म्हणाले.

फॉर्म अर्थातच परत आला. लाल शाई: रकान्यात खाडाखोड चालणार नाही. त्यांनी नवा फॉर्म घेतला आणि शब्द पुन्हा खोडला. तो परत आला. तिसराही. चौथ्या वेळी ऑफिसच थकलं आणि शिक्का मारून फॉर्म हाती देऊन मोकळं झालं.

तो फॉर्म शामसुंदररावांच्या कागदांत अजून आहे. मुलीच्या नावाची अक्षरं वळणदार, शाई फिकट झालेली. अॅडिशनलवरची रेघ मात्र अजून काळीभोर आहे. त्यांनी ती दोनदा ओढली असावी.